झील धरायला जागा

विनिता घरत कॉलेजात नेमकं काय करते, हे तिच्या सासरी अजून कुणाला धड सांगता येत नाही. सासू शेजारणीला सांगते, कंप्युटरवर असते. नवरा बंदरावर क्रेन चालवतो, तो मित्रांत ऐटीत 'आमची मॅडम' म्हणतो आणि विनिता त्याला तिथल्या तिथे गप्प करते, कारण मॅडम म्हणजे शिकवणारी, आणि ती तर फळ्यासमोर कधी उभी राहिलेली नाही. प्राध्यापक तिला ऑफिसातली समजतात, ऑफिसवाले तिला प्राध्यापकांच्या गोटातली. अशा माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. दोन्हीकडची कामं तिच्या टेबलावर येऊन पडतात आणि चहाच्या वेळी दोन्हीकडचे तिला विसरतात.

आपण सरळ सांगू. उरण तालुक्यातल्या त्या कॉलेजात ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक खोली आहे, ते मुक्त शिक्षणाचं अभ्यास केंद्र. ज्यांना रोज वर्गात येणं जमत नाही त्यांनी घरी, दुकानात, कामावर, जमेल तिथे शिकायचं आणि परीक्षेला तेवढं यायचं, अशी ती सोय. नोंदणी करून देणं, पुस्तकं पोचवणं, विसरलेले पासवर्ड पुन्हा काढून देणं, रडकुंडीला आलेल्यांची समजूत घालणं आणि धडे आवाजात भरून लोकांच्या फोनवर धाडणं, हे सगळं विनिता करते. तिच्या नेमणुकीच्या कागदावर 'केंद्र सहायक' असं लिहिलंय. कागदांना काय, काहीही लिहिता येतं.

तिचं माहेर खाडीकाठच्या मिठागरांतलं. बाप नामा म्हात्रे मिठागरात राबायचा. पुढे मिठागरं बुजवून तिथे कंटेनर रचून ठेवायची यार्डं झाली आणि नामा त्याच जागेवर खुर्ची टाकून वॉचमन म्हणून बसला. आई सखुबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो तो आपल्या वेळेला, पण मांडव उभा राहिल्यापासून हळदीपर्यंतचं सगळं धवलारणीच्या तोंडच्या गाण्यांवर चालतं. ती गाणी म्हणजे धवले. कागदावर एक अक्षर नसतं, सगळं पाठ. धवलारीण एक ओळ म्हणून थांबते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलून धरतात, मग ती पुढची म्हणते. बायकांच्या त्या साथीला झील धरणं म्हणतात. सखुबाईला हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. ती झील धरता धरताच धवलारीण झाली. लहानपणी विनितालाही आईच्या मागे बसावं लागे, पण ती झील कमी धरायची आणि पेंगायची जास्त.

बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. पोर मांडीवर घेऊन तिने याच केंद्रातून बी.ए. केलं, त्यामुळे पुस्तक उघडलं की डोळा कसा लागतो हे तिला कुणी सांगायला नको. निकाल घ्यायला आले आणि नोकरी घेऊन गेले, असं ती हसत सांगते, आणि ते जवळजवळ खरंच आहे. केंद्रातल्या संगणकाला तेव्हा सगळे लांबून नमस्कार करत. विनिताने तो पुसला, चालू केला आणि गुणपत्रिकेतली नावाची चूक स्वतःच दुरुस्त करून घेतली. तेव्हाच्या प्राचार्यांनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. तेव्हापासून सीडी आल्या आणि गेल्या, प्रोजेक्टर आले आणि बुरसले, मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. 'तुमचं ते मोबाइलवरचं शिक्षण' म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक टाळेबंदीच्या काळात तिला फोन करकरून विचारत होते की माझा आवाज मुलांना ऐकू का येत नाही. विनिताने एकालाही टोमणा मारला नाही. मी असतो तर मारला असता.

पण तिचं खरं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं, एका घोरण्यामुळे. केंद्रात रविवारी प्राध्यापक येऊन मार्गदर्शन करायचे. रविवार कुणाच्या सोयीचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. नागावात होमस्टे चालवणाऱ्या बायकांना रविवारी मान वर करायला फुरसत नसते, आणि बंदराला तर वारच नसतात. अशा एका रविवारी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा प्रणय ठाकूर कामावरून थेट आला, बाकावर डोकं टेकलं आणि झोपला. वर्तक सरांनी तो सगळा तास अर्थशास्त्र शिकवलं ते त्याच्या घोरण्याला. जाग आल्यावर तो इतका खजील झाला की विनितालाच कसंतरी झालं. तो तिच्या माहेरच्या शेजारच्या गावचा, तिला ताय म्हणायचा. म्हणाला, गाडीत बसलो की वेळच वेळ असतो, बंदराच्या गेटबाहेर रांगेत तर दिवस जातो. पण पुस्तक हातात धरवत नाही, कारण रांग सरकली की गाडी सरकवावी लागते.

हात गुंतलेले असले तरी कान मोकळे आहेत, एवढं विनिताने त्यातून उचललं. जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीवर तिने जुनी सतरंजी टांगली आणि वर्तक सरांना प्रश्न आणि उत्तरं काढून द्यायला सांगितली. पुस्तकातला दाखला चहा-कॉफीचा होता. तिने बोंबलाचा घातला. बाजारात बोंबील कमी आले आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर भावाचं काय होईल? वर्तक सरांनी आधी भुवया उंचावल्या, मग स्वतःच पापलेट महागलं की कोंबडीचं काय होतं असा प्रश्न काढून दिला. सर मनाने उमदे.

अडचण एकच होती. यंत्राकडे बघून बोलायचं म्हटलं की विनिताच्या तोंडाला कोरड पडायची. त्या दिवसांत सखुबाई मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे राहायला आली होती आणि घरात बसून कंटाळली होती. विनिताने तिला खोलीत आणलं, समोर स्टुलावर बसवलं आणि एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं. मग ती आईकडे बघून प्रश्न विचारी. अर्थशास्त्राशी सखुबाईचा संबंध शून्य, पण प्रश्न आपल्याला विचारलाय म्हटल्यावर ती मनापासून विचार करी. कपाळाला आठ्या घाली, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवी आणि जमलं की मान हलवी. तिने मान हलवली की विनिता उत्तर सांगे. आईला न सुचलं तर ती आपली थांबून राही. त्यामुळे त्या धड्यांत प्रश्नामागून एक शांतता यायची, कुठे लहान, कुठे बरीच मोठी, आणि त्यात बाहेरचा कावळा, शाळेची घंटा, कुणाचा तरी हॉर्न, असं सगळं शिरायचं.

ते धडे ऐकणाऱ्यांनी त्या शांततेचं काय केलं, तर तिच्यात उत्तरं दिली. नागावची एक बाई पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापताना उत्तरं द्यायची. प्रणय केबिनमध्ये इतक्या मोठ्याने द्यायचा की शेजारच्या ट्रेलरवाल्याला वाटलं याचं फोनवर बायकोशी वाजलंय. मध्येच उत्तर चुकलं की तो स्टिअरिंगवर हात मारायचा आणि मागे जाऊन पुन्हा ऐकायचा.

धड्यांना विनिताने कधी कुलूप लावलं नाही. नाव नको, पासवर्ड नको. ज्याला हवेत त्याने घ्यावेत, दुसऱ्याला द्यावेत, हवं तर बदलून आपल्या गावचे दाखले घालावेत, असं तिने प्रत्येक धड्याच्या शेवटी सांगून ठेवलं होतं. यात कॉलेजाला काय मिळतं, असं प्राचार्यांनी एकदा विचारलं. माणगावच्या बाजारातल्या बियाण्याच्या दुकानातला एक माणूस कुठेच नाव न घालता नुसते धडे ऐकतो असं तिला कळलं होतं. तिने त्याचं सांगितलं आणि म्हणाली, आज तो ऐकतोय, उद्या केंद्र कुठे आहे ते विचारेल. प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना फक्त तपासणीची भीती वाटायची. ते बरं म्हणाले.

धडा धडा करत प्रणय शेवटच्या वर्षापर्यंत आला आणि तिथे त्याची पाठ गेली. ट्रेलरवर वर्षानुवर्षं बसून मणका सरकला होता. शेवटच्या वर्षाच्या अर्थशास्त्राचा पेपर होता त्या दिवशी तो इस्पितळात उताणा पडून होता. बाकी सगळे विषय सुटले, तेवढा एक राहिला. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. ज्या यार्डात तो माल न्यायचा तिथला मॅनेजर भला होता, तो त्याला सुपरवायझर म्हणून घ्यायला तयार होता, पण कंपनीचा नियम पदवीचा. आणि त्यात आणखी एक घोळ. मुक्त शिक्षणाची नोंदणीही कायमची नसते. प्रणयची येत्या मे महिन्याच्या परीक्षेबरोबर संपत होती. या खेपेला तो पेपर सुटला नाही तर आधीचं सगळं पास झालेलं वाया, पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला ना त्याच्याकडे वय उरलं होतं, ना पाठ.

याच सुमारास, हिवाळ्यात, संस्थेने सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एक नवीन पोर्टल आणलं आणि ते बसवून द्यायला पनवेलहून हेमाली नावाची मुलगी येऊ लागली. विनिताच्या लेकीच्या वयाची, हुशार, बोलायला गोड. तिने विनिताला सगळं नीट शिकवलं. धडे वर कसे चढवायचे, खरखर कशी काढायची, आवाज कसा सारखा करायचा. त्यातच एक बटण होतं, दाबलं की धड्यातली सगळी शांतता आपोआप कापली जायची. हेमालीने ते फक्त दाखवलं. दाबा असं ती म्हणाली नाही.

दाबलं विनितानेच. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आपले धडे घरगुती आहेत याची तिला मनातून लाज वाटायची. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांचे धडे तिने ऐकले होते, त्यांत कावळा ओरडत नव्हता आणि बोलणारी बाई मध्येच मूग गिळून बसत नव्हती. आपल्या धड्यांतल्या त्या रिकाम्या जागा म्हणजे आपलं अडाणीपण, असं तिने कधीतरी धरून टाकलं होतं. तिने एकेक धडा त्या बटणाखालून काढला. धडे छोटे झाले, गुळगुळीत झाले, रेडिओवर शोभतील असे. पहिल्या धड्याची सुरुवात ऐकून ती इतकी खूश झाली की बाकीचे तिने ऐकलेही नाहीत. पनवेलच्या कार्यशाळेत तिचं कौतुक झालं, हातात गुलाबाचं फूल मिळालं. जुना संगणक भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर जुने धडेही. नवे असताना जुन्यांचं काय करायचं, असंच तिला वाटलं.

कुणीही तक्रार केली नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. शिकणाऱ्याला कळलं नाही तर तो शिकवणाऱ्याला बोल लावत नाही, स्वतःला लावतो. त्यातून वयाने वाढलेला विद्यार्थी असेल तर विचारायलाच नको. नागावच्या बाईने धडे ऐकायचं सोडलं आणि पाहुण्यांची गर्दी आहे असं कारण सांगितलं. विनितालाही ते पटलं, कारण पाहुण्यांची गर्दी होतीच.

परीक्षा तोंडावर आली तरी प्रणयचा फोन येईना, म्हणून तिनेच केला. त्याने आधी पाठीचं सांगितलं, हवेचं सांगितलं. परीक्षेचं विचारल्यावर म्हणाला, "ताय, या टायमाला मी नाय बसत. डोस्क्यात शिरत न्हाय आता. पयलं शिरायचं. आता तू बोलतंस नि मी नुसता आयकतंय. वय झालं माझं."

विनिताने त्याला पुष्कळ समजावलं. थोडी रागावलीही. एवढं पोहून काठाशी येऊन बुडतोस काय, असंही बोलून गेली. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी हळूच फोन ठेवला. तिला वाटलं, पाठीने माणूस खचला. त्या दिवशी ती घरी जेवली नाही.

त्याच आठवड्यात तिच्या भावाच्या मुलाचं, केतनचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात सखुबाई धवले म्हणायला बसली. बाजूला डीजेचे खोके रचलेले, समोर शूटिंगवाला कॅमेरा लावून उभा. सखुबाईच्या मागे झील धरणाऱ्या बायका पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. मनुबाई वारली होती, नीराबाई होती पण तिला ऐकू येत नव्हतं. त्यांच्या जागी घरातल्या लेकीसुना फोन हातात घेऊन दाटीवाटीने बसल्या होत्या. सखुबाईने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली.

मागून कुणी काही म्हटलं नाही. सखुबाई शांत बसून राहिली. शूटिंगवाल्याने हाताने खूण केली, आजी, पुढे. एक मुलगी खुदकन हसली. आई विसरली, असं विनिताला वाटलं. वय झालं आईचं, आणि तेही भर मांडवात, कॅमेऱ्यासमोर. ती उठून आईच्या कानाशी गेली आणि पुढची ओळ कुजबुजली, तेवढी तिला येत होती. सखुबाईने तिच्याकडे न बघता तिला हाताने बाजूला केलं. आणखी थोडा वेळ गेला. मग मागून कुठल्यातरी सुनेने तीच पहिली ओळ अडखळत, लाजत उचलली. तिच्यामागून दुसरीने. सखुबाईने मान हलवली आणि पुढची ओळ म्हटली. या खेपेला तिला तितकं थांबावं लागलं नाही. चौथ्या-पाचव्या ओळीला तर मघा हसलेली मुलगीही फोन मांडीत ठेवून गात होती.

सगळं उरकल्यावर आई पान लावत बसली होती, तेव्हा विनिताने तिला विचारलं की तू विसरली होतीस का.

"इसरते कशाला?" सखुबाई म्हणाली. "ती जागा त्यांची हाय गो. त्यांना येवदे नायतर न येवदे, त्यांची जागा मी कशी खाऊ?"

विनिता आईकडे बघतच राहिली. आई पान चावत होती आणि तिची मान हळूहळू हलत होती, अगदी स्टुलावर बसून हलायची तशी. विनिता उठली, मांडवामागे नारळाच्या बुंध्याशी जाऊन बसली आणि कानात इअरफोन घालून तिने आपला धडा लावला. बोंबील कमी आले तर भावाचं काय होईल भाव वाढेल. एका दमात. प्रश्न विचारणारी तीच, उत्तर देणारी तीच, ऐकणाऱ्याला श्वास घ्यायलाही जागा नाही. आपणच आपल्याशी बडबडणाऱ्या त्या बाईचा तिला मनस्वी राग आला. माणसं त्या शांततेत बसून शिकत होती आणि तिने ती केर समजून झाडून टाकली होती. आणि प्रणयला ती वर तोंड करून बोलली होती, काठाशी येऊन बुडतोस काय म्हणून. त्याला बुडवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला रडू आलं. तिकडे डीजे सुरू झाला होता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिने तिथूनच प्रणयला फोन लावला आणि गाण्याच्या गोंगाटात ओरडून सांगितलं की तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही, धडे मी बिघडवले. काय बिघडवलं तेही सांगितलं.

"मना वाटलं माझंच कायतरी फिरलंय," प्रणय म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता.

जुने धडे परत मिळण्यासारखे नव्हते. हेमालीने बिचारीने भंगारवाल्यापर्यंत जाऊन शोध घेतला, पण त्या संगणकाचे केव्हाच तुकडे झाले होते, आणि नवे आल्यावर लोकांनीही आपापल्या फोनमधले जुने पुसून टाकले होते. सगळे विषय पुन्हा करायला वर्ष लागणार होतं. पण परीक्षेआधी शेवटच्या वर्षाचं अर्थशास्त्र तरी पुरं होऊ शकत होतं. वर्तक सर सुट्टी सोडून आले. सतरंजी पुन्हा खिडकीवर चढली. हेमालीने आपला चांगला माइक आणला आणि पहिली गोष्ट काय केली, तर ते बटण पोर्टलवरून काढून टाकलं.

तरीही पहिला धडा जमला नाही. मध्ये किती थांबायचं हेच विनिताला कळेना. घड्याळ लावून थांबली तर सगळ्या प्रश्नांना सारखीच जागा मिळे, आणि प्रश्न काही सारखे नसतात. सखुबाईला बोलवावं तर लग्नसराई, ती रोज कुणाच्या ना कुणाच्या मांडवात. शेवटी विनिताने प्रणयलाच बोलावून घेतलं. त्याला फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून ग्रंथालयातलं बाक आणून त्याला त्यावर आडवं केलं. अट तीच, एक शब्द बोलायचा नाही.

ती प्रश्न विचारायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. तो छताकडे बघत जुळवाजुळव करी आणि जमलं की मान हलवी. काही प्रश्नांना तो इतका वेळ लावी की हेमाली चुळबुळ करू लागे आणि वर्तक सरांचे ओठ उत्तर सांगायला शिवशिवत. विनिता सरांकडे डोळे वटारून बघे. सुरुवातीला प्रणय बऱ्याच प्रश्नांना नुसताच छताकडे बघत राहिला. पुढे मान लवकर हलू लागली. एकदा तर गडी अट विसरून उत्तर मोठ्याने बोलून गेला. हे कापू का, असं हेमालीने विचारलं. बरोबर आहे ना, मग राहू दे, असं विनिता म्हणाली. तो धडा आजही तसाच आहे, प्रश्नामागून एका पुरुषाचा आवाज येतो आणि मग विनिता तेच पुन्हा सांगते.

प्रणय परीक्षेला बसला. पाठीला पट्टा बांधून, खुर्चीवर उशी ठेवून त्याने पेपर लिहिला आणि बाहेर येऊन कसा गेला ते न सांगता सरळ घरी गेला. विनितानेही विचारलं नाही. ती बाकीच्या विषयांना लागली. नागावच्या बाईला तिने स्वतः जाऊन गाठलं, माफी मागितली आणि भाकऱ्यांच्या चुलीपुढे बसवून नवीन धडा ऐकवला.

निकालाच्या दिवशी ती मुद्दामच पोर्टल न उघडता बसली होती. निकाल त्याचा आहे, त्यालाच सांगू दे, असं हेमालीला म्हणाली, पण सकाळपासून तिने तीनदा टेबल पुसलं होतं. दुपारी फोन वाजला. नाव प्रणयचं होतं. तिने उचलला आणि बोल म्हटलं.

पलीकडून काही आलं नाही. मागे यार्डातल्या ट्रेलरचे हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी गाडी मागे घेण्यासाठी शिट्टी मारत होतं, आणि फोनच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. नेटवर्क नसेल, ठेवा आणि परत लावा, असं हेमालीने सुचवलं. विनिताने तिला हाताने थांबवलं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिचं तिला माहीत. नापास झाला असेल तर काय बोलायचं, याचीही तिने जुळवाजुळव केली असेल. पण तिने हॅलो म्हटलं नाही, काय झालं रे असंही विचारलं नाही. फोन कानाशी धरून ती थांबून राहिली.

"ताय," शेवटी प्रणय म्हणाला, "पास झालो."

आता बोलायचं विनिताने होतं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडे प्रणय थांबून राहिला.